वाचकांचे प्रश्न : जाळ वाढवू नका, आधी चाक मोकळं करा

मागच्या अंकात पत्र्याच्या डब्यातून गरम हवेचं इंजिन कसं करायचं ते लिहिलं होतं, चित्रही दिलं होतं. आत वाफ नाही, पेट्रोल नाही. बंद डब्यातली तीच ती हवा खाली तापते, वर निवते. डिस्प्लेसर, म्हणजे डब्यात वर-खाली सरकणारा सैलसर बोळा, तिला खालून वर, वरून खाली ढकलत राहतो. तिच्या फुगण्या-आकसण्यावर एक दट्ट्या हलतो आणि क्रँक, म्हणजे वाकवलेला आस, त्यावर चाक फिरवतो. निदान फिरायला हवं. कारण आलेल्या पत्रांपैकी निम्म्या पत्रांत एकच रडगाणं आहे : 'फिरत नाही.' त्यातलं सगळ्यात प्रामाणिक पत्र आधी घेतो.

प्रश्न : मास्तर, मी अकरावीत आहे. तुमचं चित्र बघून इंजिन केलं. डबा कोल्ड्रिंकचा, दट्ट्याच्या जागी फुगा ताणून बसवला, क्रँक सायकलच्या स्पोकचा, चाकाला तीन जुन्या सीडी, डिस्प्लेसर स्टील वूलचा. मेणबत्तीवर चाक अर्धा फेरा जायचं आणि थांबायचं. उष्णता कमी पडते असं वाटून गॅसच्या शेगडीवर धरलं. फुगा फुटला, एम-सीलमधून धूर आला आणि आई ओरडली. आता काय करू?
– एक विद्यार्थी, कारेलीबाग, बडोदा

उत्तर : आई ओरडली ते बरोबरच आहे. फुगा फुटला तेही बरंच झालं, नाहीतर तू थांबला नसतास. इंजिन अडलं की पहिला हात शेगडीच्या बटणाकडे जातो. माझाही जायचा. पण हे इंजिन भुकेने अडत नाही, सांधे आखडल्याने अडतं.

आकडा बघ. खोलीतली हवा २७ अंश सेल्सियसची धरली तर केल्व्हिनमध्ये ते ३०० होतात. बंद डब्यात तिचा दाब दुप्पट करायचा तर ६०० केल्व्हिन हवेत, म्हणजे ३२७ अंश सेल्सियस, आणि तेही डब्यातल्या झाडून सगळ्या हवेचे. तुझ्या डब्यात बरीचशी हवा कायम कोपऱ्याकापऱ्यात आणि गार बाजूलाच पडून असते. जी खाली जाते ती तिथे क्षणभर टेकते आणि परत येते. म्हणजे फुग्याला मिळतो तो धक्का फुंकरीएवढा. त्या फुंकरीतून घर्षण आणि गळती वजा करायची, उरेल त्यावर चाक फिरवायचं. जाळ वाढवून फुंकर जराशी वाढते, पण तोवर डब्याचा वरचा भागही तापतो आणि वाढलेलं सगळं परत जातं. कोल्ड्रिंकचा डबा ॲल्युमिनियमचा, तो उष्णता भराभर वर नेतो. म्हणून शेगडीवर तुझं इंजिन मेणबत्तीपेक्षाही वाईट चाललं असणार.

आता मेणबत्ती लावायचीच नाही. फुगा आणि डिस्प्लेसर दोन्ही क्रँकपासून सोडव. नुसतं चाक आणि क्रँक राहू दे. चाकाला टिचकी मार आणि फेऱ्या मोज. मी वीस धरतो. वीसच्या आत थांबलं तर पुढे जाण्यात अर्थ नाही. स्पोक काढ, त्याचा सरळ भाग आरशाच्या काचेवर लोळव. जिथे खाली उजेड दिसतो तिथे वाक आहे. ज्या भोकांतून तो जातो त्यांची बूर आतून-बाहेरून कानशीने काढली आहेस का? खिळा ठोकून पाडलेल्या भोकाला करवतीसारखे दात असतात. छोटी बॉल बेअरिंग लावली असशील तर त्यातलं ग्रीस रॉकेलने धुऊन काढ. ते ग्रीस कारखान्यातल्या मोटारीसाठी असतं, आपल्या फुंकरीला ते डांबरासारखं वाटतं. धुतलेलं बेअरिंग खुळखुळ वाजतं. वाजू दे.

मग डिस्प्लेसर जोड, फुगा नको. परत टिचकी. चाक दरवेळी एकाच जागी येऊन थांबतं का? थांबत असेल तर डिस्प्लेसरचं वजन त्याला खाली ओढतंय. सीडीच्या विरुद्ध कडेला एक नट चिकटव, हलका-जड करत जा, चाक कुठेही थांबायला लागेपर्यंत. तुझं इंजिन 'अर्धा फेरा जातं आणि थांबतं' म्हणतोस, त्याचं कारण इथेच सापडेल असा माझा कयास आहे. अर्धा फेरा डिस्प्लेसर उतरतो तेव्हा चाक फुकट फिरतं, उरलेला अर्धा त्याला उचलायचा असतो.

डब्याला कान लावून चाक हळूहळू हाताने फिरव. खरखर ऐकू आली तर स्टील वूल भिंतीला घासतंय. चहूबाजूंनी साधारण एक मिलिमीटर फट हवी. त्याहून कमी ठेवलीस तर घासेल, तीन ठेवलीस तर हवा खाली-वर न जाता बाजूने नुसतीच वळसा घालेल. डिस्प्लेसरची उंची त्याच्या धावेच्या, म्हणजे वर-खाली सरकण्याच्या अंतराच्या, दुप्पट तरी असू दे, म्हणजे गरम आणि गार या दोन खोल्यांमध्ये भिंत राहील.

आता जे सांगतो ते एकदा तरी करच. क्रँक बाजूला काढून ठेव. डबा तिवईवर, खाली मेणबत्ती, वर ओलं फडकं. दोन मिनिटं थांब. मग डिस्प्लेसरची तार चिमटीत धरून वर ओढ. हवा खाली गरम तळाशी गेली. फुगा वर फुगायला हवा. तार खाली सोड. फुगा खाली बसायला हवा. वर, खाली, वर, खाली. फुगा तुझ्या हाताच्या मागोमाग श्वास घेतल्यासारखा हलतो. हे दिसलं की तुझं इंजिन जिवंत आहे, आता फक्त जोडणी उरली. नाही दिसलं तर गळती आहे. मेणबत्ती विझव, डबा गार होऊ दे, बादलीत बुडव, फुगा हलकेच दाब आणि बुडबुडे शोध. तारेच्या भोकातून बारीकसा एखादा येतो, तो चालतो. त्या भोकात रिकाम्या रिफिलचा दीड-दोन सेंटिमीटर तुकडा बसवला तर तारेला वाटही सरळ मिळते आणि गळतीही आटोक्यात राहते.

फुग्याचं म्हणशील तर तू 'ताणून' बसवला आहेस. ताणलेला फुगा म्हणजे स्प्रिंग, आपली निम्मी फुंकर तो ताणण्यातच खर्ची पडते. ढिला बसव, मधोमध पुठ्ठ्याची चकती चिकटव. डॉक्टरांच्या पातळ रबरी हातमोज्याचा तुकडा फुग्यापेक्षा बरा. शिवाय डब्याच्या खांद्याला एक बारीक भोक पाडून त्यात स्क्रू बसव. डबा तापला की आतला दाब सरसकट वाढतो आणि फुगा वरच अडकून राहतो; स्क्रू एकदा ढिला करून हवा 'फुस्स' होऊ द्यायची आणि परत कसायचा.

राहता राहिला क्रँकचा कोन. डिस्प्लेसर अगदी वर पोचलेला असताना दट्ट्या निम्म्या वाटेवर हवा. मग चाक ज्या दिशेला दट्ट्याला वर नेतं त्याच दिशेला फिरेल. दोघांत ९० अंश. ऐंशी झाले, शंभर झाले तरी इंजिन रुसत नाही. उलट्या बाजूला ९० झाले तर उलटं फिरेल, इतकंच. दोघं एकदम वर आणि एकदम खाली जात असतील तर मात्र जन्मात फिरणार नाही.

एम-सील तळाजवळ कुठेही नको. साध्या डागाचं कथील-शिसंही १८३ अंशांच्या पुढे पाण्यासारखं होतं. तळाला जोडच येणार नाही असा लोखंडी पत्र्याचा डबा शोध. आणि गॅसवर परत ठेवू नकोस.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे आणि तुमचं वाचून डबे गोळा करतोय. प्रेशर कुकरसारखा याचा स्फोट तर नाही ना होणार?
– एक आई, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ताई, कुकरमध्ये पाणी असतं आणि त्याची वाफ होते, धोका तिथे असतो. आपल्या डब्यात पाण्याचा थेंबही नको; फुगा हा त्याचा सगळ्यात कच्चा भाग, फुटला तर तोच फुटतो. पूर्ण बंद, फुगाही नाही आणि दट्ट्याही नाही, असा डबा मात्र कधीच जाळावर ठेवू देऊ नका. भीती दुसरीकडे आहे. स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, आणि मुलं दिवा विझला समजून वरून स्पिरिट ओततात. म्हणून दिवा खोलीत, सावलीत लावायचा आणि बाटली दुसऱ्या खोलीत ठेवायची. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा लालसर तापवू नये, त्याचा पांढरा धूर छातीला वाईट. बाकी बोटं एकदा भाजतील. माझी अजून भाजतात.

प्रश्न : मी सेवानिवृत्त आहे, घरी छोटा लेथ आहे. डब्याऐवजी व्यवस्थित धातूचं इंजिन करावं म्हणतो. सिलिंडर-दट्ट्यासाठी कोणती जोडी घ्यावी? पितळ दिसायला छान दिसतं. प्लॅस्टिकची सिरिंज वापरून पाहिली, जमलं नाही.
– ग्वाल्हेर

उत्तर : आपल्याकडे लेथ आहे म्हणजे आपण आता माझ्या बिरादरीतले. तेव्हा माझी फजिती सांगायला हरकत नाही. मीही पितळावर भाळलो होतो. पोलादी सिलिंडर, वीस मिलिमीटरचा पितळी दट्ट्या, बसणी अशी की बघत राहावं. दिवा लावला, इंजिन सुरू झालं, घरातल्या सगळ्यांना हाका मारल्या. सगळे जमेपर्यंत ते थांबलं. गार झालं की मोकळं, तापलं की जाम. तीन रविवार मी क्रँकच्या मागे लागलो होतो. चौथ्या रविवारी पाटी-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा उजेड पडला. शंभर अंश तापमान वाढलं की वीस मिलिमीटरचं पितळ साधारण ०.०३८ मिलिमीटर फुगतं, पोलाद ०.०२२. म्हणजे माझ्या बसणीतले ०.०१६ मिलिमीटर गेले, आणि मी मुळात फट ठेवली होती तेवढीच. ज्या कारागिरीचा मला अभिमान होता तिनेच इंजिन अडवलं होतं. ॲल्युमिनियमचा दट्ट्या तर पितळाहूनही जास्त फुगतो.

तेव्हा दट्ट्या बिडाचा करा आणि सिलिंडर पोलादी किंवा बिडाचाच. बीड स्वतःच थोडं वंगण देतं, आत ग्राफाइट असतं ना. फट ०.०२ मिलिमीटरच्या आसपास. लेथवरून उतरल्यावर व्हॉल्व घासायची बारीक पेस्ट लावून आठाच्या आकड्यात हात फिरवत घासा, मग पॉलिश, मग स्पिरिटने इतकं धुवा की पांढऱ्या फडक्यावर काळं उतरणार नाही. आतली पेस्ट राहिली तर इंजिन स्वतःलाच घासत बसतं.

बसणी जमली की नाही ते मोजपट्टी सांगत नाही, बोट सांगतं. सिलिंडर उभा धरा, खालचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबा, वरून दट्ट्या सोडा. तो उशीवर बसल्यासारखा तरंगला पाहिजे आणि अगदी सावकाश खाली सरकला पाहिजे. अंगठा काढला की 'टप्' करून पडला पाहिजे. तरंगला पण पडला नाही तर घट्ट आहे. पडला पण तरंगला नाही तर ढिला. नवा दट्ट्या घ्या. आणि कृपा करून तेल घालू नका. घर्षण कमी होईल म्हणून लोक शिवणयंत्राचं तेल सोडतात. एवढ्या बारीक फटीत तेलाचा थर दट्ट्याला धरून ठेवतो, इंजिन चिखलात चालल्यासारखं चालतं. कोरडं ठेवा.

प्लॅस्टिकची सिरिंज आपली चालली नाही ती चालणारच नव्हती, तिच्या टोकाचं रबर आपल्या सगळ्या फुंकरीला पुरून उरतं. काचेची सिरिंज मात्र या कामासाठीच बनवल्यासारखी आहे. पूर्वी दवाखान्यात उकळून वापरायचे ती. सर्जिकलच्या दुकानात अजून मिळते. नळी आणि दट्ट्या यांच्यावर आकडा असेल तर तो जुळतो का बघा. जोडी एकमेकांवर घासून बनवलेली असते, अदलाबदल चालत नाही. ज्यांना हात बसवायचा आहे त्यांनी काचेच्या नळीत ग्राफाइटचा दट्ट्या बसवावा. काच आणि ग्राफाइट दोघंही फारसे फुगत नाहीत, आणि ग्राफाइट चटकन घासला जातो. आमच्याकडे मकरपुरा जीआयडीसीत टूलरूमवाल्यांकडे स्पार्क मशीनच्या इलेक्ट्रोडचे तुटके तुकडे पडलेले असतात, चहा पाजला की देतात. आपल्याकडेही कुणी देईल. लेथवर ग्राफाइट कापताना बेडवर ओलं कापड पसरा. ती काळी भुकटी एकदा आत शिरली की वर्षभर निघत नाही.

प्रश्न : या इंजिनावर मोबाईल चार्ज होईल का?
– पाच वाचक, वेगवेगळ्या गावांहून

उत्तर : नाही. अमेरिकेतल्या विल्यम बील यांनी ठोकताळा दिलेला आहे : ०.०१५ गुणिले दाब बारमध्ये, गुणिले दट्ट्या एका धावेत व्यापतो ती जागा घनसेंटिमीटरमध्ये, गुणिले सेकंदाला फेरे, म्हणजे वॉट. दाब एक, जागा पाच, फेरे पाच, उत्तर पाऊण वॉटाच्याही निम्मं. आणि हा ठोकताळा लालभडक तळाच्या, निगुतीने बांधलेल्या इंजिनांचा. डब्याचं इंजिन त्याच्या पासंगालाही पुरत नाही. मोबाईलला पाच वॉट लागतात. दिवा दिसायचा असेल तर खेळण्यातली मोटर आणि एक एलईडी लावून पाहा, अंधारात.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात चाळीस मुलं. क्रँक, कोन, बेअरिंग यात न अडकता हे तत्त्व दाखवायचं आहे. सोपं काही?
– एक शिक्षिका, इंदूर

उत्तर : गोट्यांचं इंजिन करा. मला स्वतःला ते चाकाच्या इंजिनापेक्षा जास्त आवडतं, कारण त्यात लपवायला जागाच नाही.

बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी घ्या. साधी काच ज्योतीवर तडकते. आत सैल लोळतील अशा चार-पाच काचेच्या गोट्या. बंद टोकाच्या आत स्टील वूलचा छोटा बोळा, नाहीतर गोट्या आपटून नळी फुटेल. तोंडाला बूच, बुचातून रबरी नळी, ती एका काचेच्या सिरिंजला. परीक्षानळी मधोमध तारेवर तोलायची, लहान मुलांच्या सीसॉसारखी. बंद टोकाखाली स्पिरिटचा दिवा. तोंडाच्या बाजूखाली सिरिंज उभी, तिचा दट्ट्या नळीला उचलू शकेल अशी.

गोट्या तोंडाकडे असतात तेव्हा हवा तापलेल्या टोकाशी. ती फुगते, सिरिंज तोंड वर उचलते. तोंड वर गेलं की गोट्या लोळत गरम टोकाकडे जातात आणि हवेला गार बाजूला हुसकावतात. हवा आकसते, सिरिंज खाली ओढते, गोट्या परत. टक्… टक्… टक्. डिस्प्लेसर म्हणजे काय ते सांगावंच लागत नाही, मुलं स्वतः म्हणतात, 'गोट्या हवेची जागा घेतात.' तोल साधायला अर्धा तास जाईल. तोंडाची बाजू किंचित जड ठेवा, आणि मळलेल्या मातीचा गोळा इकडेतिकडे सरकवत राहा.

मुलांनी हे हातानेच करावं. आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली, प्रा. त्रिभुवनदास गज्जर पहिले प्रमुख. माझे आजोबा तिथले. त्यांची कानस अजून माझ्याकडे आहे, मूठ तीनदा बदलली.

प्रश्न : माझं वय ८१. लहानपणी आमच्या वाड्यात आजोबांच्या खोलीत रॉकेलवर चालणारा पंखा होता, वीज नव्हती तेव्हाचा. घरातली मुलं म्हणतात, आजोबा, असं काही नसतं. तुमच्या लेखातलं चित्र बघून तोच आठवला. त्याचं धूड अजून माळ्यावर असावं.
– इंदूर

उत्तर : आजोबा, नातवंडांना हे उत्तर मोठ्याने वाचून दाखवा. असे पंखे होते, आणि आपल्या देशात ते भरपूर येत. बैठकीत रॉकेलचा दिवा, त्यावर उभा सिलिंडर, तळाला लोखंडी टोपी. एकाच सिलिंडरमध्ये खाली डिस्प्लेसर आणि वर दट्ट्या, बाजूला चाक, समोर पाती. वारा सगळ्यांना लागायचा, आणि सिलिंडरचा वरचा भागही त्यातच गार राहत असणार. गडगड नाही, धूर बेताचा. चालू करायचं म्हणजे दिवा लावून काही मिनिटं थांबायचं आणि पात्यांना हाताने ढकलायचं. नुसतं बटण दाबून हे इंजिन कधीच उठत नाही.

त्याचा मूळपुरुष रॉबर्ट स्टर्लिंग हा स्कॉटलंडचा पाद्री. १८१६ साली त्याने पेटंट घेतलं तेव्हा तो पंचविशीत होता. १८१८ मध्ये त्याचं इंजिन एअरशरमधल्या एका दगडखाणीतलं पाणी उपसत होतं. त्या काळी वाफेचे बॉयलर फुटत, माणसं दगावत. याला बॉयलरच नव्हता. पण त्याची खरी करामत इंजिनापेक्षा 'इकॉनॉमायझर' या भागात होती. थंडीत तोंडावर मफलर गुंडाळून चालून बघा : बाहेर जाणारा श्वास मफलरला ऊब देऊन जातो, आत येणारा ती घेऊन येतो. इंजिनात हवा गरमकडून गारकडे जाताना वाटेतल्या तारांच्या जाळीत उष्णता ठेवते, परतताना उचलते. हेच काम आमच्या डब्यातलं स्टील वूल थोडंफार करतं. म्हणून आमच्या घरी भांडी घासायची तार जागेवर सापडत नाही आणि त्यावर रोज बोलणं होतं.

स्टर्लिंग बंधूंचं मोठं इंजिन १८४३ पासून डंडीच्या ओतशाळेत चाललं, पण तळाचं बीड सतत तापून तडकायचं. चार वर्षांत ते काढून टाकलं. त्यानंतर जॉन एरिक्सनने १८५३ मध्ये गरम हवेवर चालणारं जहाज चालवून दाखवलं. दट्ट्यांचा व्यास चौदा फूट! माझ्या दिवाणखान्यात तो मावणार नाही. तेही फार चाललं नाही. पंप आणि पंखे अशा लहान कामांत मात्र ही इंजिनं टिकली, वीज येईपर्यंत.

धूड सापडलं तर रंगवू नका, पॉलिशवाल्याकडे देऊ नका. आधी तळाची टोपी बघा. जळून पापुद्रे सुटले असतील तर तिच्यावर परत दिवा लावायचा नाही. टोपी धड असेल तर चाक हाताने हळू फिरवा. मध्ये कुठेतरी स्प्रिंगसारखं मागे ढकललं गेलं तर आतली बसणी अजून शिल्लक आहे. मग मला कळवा. इंदूर काही लांब नाही. रात्री सराफ्यात खाणं झालं की सकाळी माळ्यावर चढू.

प्रश्न : चहाच्या कपावर चालणारं चपटं इंजिन मी पुस्तकात बघून केलं. वर-खाली ॲल्युमिनियमच्या चकत्या, मध्ये थर्मोकोलचा डिस्प्लेसर. उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर पतंग उडवणाऱ्यांना सोडून सगळे माझ्याभोवती होते, इतकं सुरेख फिरत होतं. आता मे महिन्यात त्याच कपावर हलायला तयार नाही. काहीच बदललं नाही. बिघडलं काय?
– एक प्राध्यापिका, मांजलपूर, बडोदा

उत्तर : बाई, बडोदं बदललं. जानेवारीत गच्चीवर सकाळी १४ अंश, म्हणजे २८७ केल्व्हिन. चहा ९० अंशांचा, ३६३. फरक ७६. भागिले ३६३, म्हणजे शेकडा २१. उष्णतेतला जास्तीत जास्त इतका हिस्सा काम म्हणून मिळू शकतो, आणि तोही कागदावर; हातात येतो तो त्याचा अगदी थोडा अंश. आता दुपारी खोलीत ४२. फरक ४८, हिस्सा शेकडा १३. तुमचं इंजिन आधीच काठावर चालत होतं, आता काठाच्या अलीकडे आलं. शिवाय पंख्याखाली चहा लवकर निवतो आणि वरची चकती कपाच्या वाफेने तापते ते निराळंच.

अशी इंजिनं मुळात आली ती झाग्रेबच्या इव्हो कोलिन यांच्यामुळे. १९८३ साली दुब्रोव्हनिकला त्यांनी असलं चपटं इंजिन चालवून दाखवलं. मग अमेरिकेत जेम्स सेन्फ्ट यांनी ते सुधारत सुधारत १९९० साली अर्ध्या अंशाच्या फरकावर आणलं. अर्धा अंश! तेव्हा ४८ अंशांवर न फिरणं हा काही मे महिन्याचाच दोष नव्हे. तुमच्या इंजिनात घर्षण आहे, जानेवारी ते झाकत होता. दट्ट्या आणि क्रँकपिन स्पिरिटने पुसा, तारेच्या वाटेवर धूळ बसली असेल ती काढा, मग टिचकी मारून फेऱ्या मोजा. वर कारेलीबागच्या मुलाला सांगितलं आहे तेच. थर्मोकोलही तपासा, गरम चहाच्या चकतीवर महिनोन्‌महिने टेकून तो वाकडा झाला असेल आणि कडेला घासत असेल.

मग वरच्या चकतीवर ओल्या मलमलीचा तुकडा ठेवा. आपली मे महिन्याची लू कोरडी असते, माठ गार ठेवते तशी ती चकतीही गार ठेवील. पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही.

आणि चहा सोडून एकदा बर्फ घ्या. वाटीत बर्फ, वर इंजिन. खालची चकती गार, वरची खोलीच्या ४२ वर. हलकी टिचकी मारा, पण जानेवारीत फिरत होतं त्याच्या उलट दिशेला. गरम-गार बाजू पालटल्या की चाकही पालटतं. हे इंजिन तळहातावरही चालवतात, हाताच्या उबेवर. मी परवा दुपारी ओटल्यावर बसून तेही करून पाहिलं. घामाने ओला हात ३५-३६ अंशांचा, हवा ४२ ची. म्हणजे माझा हातच गार बाजू झाला होता. इंजिनाने दोन फेऱ्या मारल्या, उलट्या, आणि थांबलं.